कंट्रोलरची होडी

आमच्या घरमालकांकडं चहा व्हायचा नाही, लागायचा. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, घसा साफ करत आणि बसस्टँडच्या भोंग्यातून येतो तसल्या लांबट आवाजात सांगत, "मानवतमार्गे परभणीकडं जाणारा चहा ओट्यावर लागलेला आहे. पिणाऱ्यांनी ताबडतोब..."

"पिणारे तीनच हायेत," काकू मधेच तोडत. "गप प्या."

सगळी नोकरी त्यांनी एसटीत काढली, शेवटची वर्षं पाथरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. मी काका म्हणायची. निवृत्त झाल्यावरही खाकी कोट त्यांनी खुंटीवरून हलू दिला नव्हता आणि शिट्टी गळ्यातून. रविवारी संध्याकाळी तो कोट अंगावर चढायचा. त्या कोटाचं वरचं बटण नंतर राहिलं नाही. ते कसं तुटलं, तेच सांगायचं आहे.

आधी माझं सांगते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी न विचारताही मी हे सांगते, कारण विचारणारं कुणी नसतं. आईवडील दर साल ऊसतोडीला जातात. मी वसतिगृहात राहून बीएस्सी केलं आणि पाथरीच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बसस्टँडच्या मागं, निळ्या दरवाजाच्या घरात मागची खोली भाड्यानं घेतली. एकटी मुलगी म्हणून चार घरांनी नकार दिला होता. काकांनी एवढंच विचारलं, "टायमाच्या पक्क्या हाव का?"

टायम म्हणजे त्यांचा देव. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला निघताना काकू प्रसाधनगृहाकडं गेल्या, तेवढ्यात गाडीची वेळ झाली. काकांनी शिट्टी मारली. गाडी गेली. काकू फलाटावर, त्यांचं लुगड्याचं बोचकं गाडीत. "गाडी सुटली म्हंजे सुटली," असं त्यांनी बायकोच्या तोंडावर सांगितलं म्हणे. काकू ही गोष्ट नव्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात.

आणि हेच काका एक खेळ चालवायचे.

त्याचं असं झालं, माझ्या आधी त्या खोलीत एक इंजिनिअरिंगचा पोरगा राहायचा. त्यानं इंटरनेटवर एक मराठी फोरम काढला होता, लिहून खेळायच्या खेळासाठी. नोकरी लागून पुण्याला जाताना तो जुना कॉम्प्युटर आणि तो खेळ, दोन्ही काकांच्या गळ्यात घालून गेला. काका एका बोटानं टाइप करायचे. खेळ सोपा होता. काका फोरमवर लिहायचे की समोर काय आहे: गढीला वेढा पडलाय, विहिरीत पाणी उरलं नाही, पूर्वेच्या बुरुजावर पहारा झोपलाय. मग आम्ही प्रत्येकानं आपापलं पात्र काय करतं ते लिहायचं. जिथं होईल का नाही ते सांगता येत नसेल, तिथं काका कवड्या टाकायचे. तपकिरीच्या डबीत सात कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकं नशीब चांगलं. फोटो काढून फोरमवर टाकायचे. त्यात कधी हातचलाखी नाही. एकदा त्यांचा स्वतःचा आवडता गढीचा म्हातारा किल्लेदार कवड्यांनी मेला, तर दोन दिवस ते जेवायला उशिरा बसले. उशिरा, म्हणजे त्यांच्यासाठी आजारपणच.

कायदे त्यांचे एसटीतून आलेले. पोस्ट रविवारी संध्याकाळी आठच्या आत. आठला शिट्टी. ज्याची पोस्ट नाही, त्याचं पात्र थांब्यावर राहिलं, खेळ पुढं गेला. आपला खरा कामधंदा पात्राला द्यायचा नाही. "त्याच्यासाठी घर हाय की." कुणाचं खरं नाव, गाव विचारायचं नाही. आणि सगळ्यात कडक कायदा: दुसऱ्याच्या पात्राबद्दल आपण लिहायचं नाही. त्यानं काय केलं, तो काय बोलला, ते त्यालाच लिहू द्यायचं.

"आणि त्यानं नाही लिहिलं तर?" मी विचारलं होतं.

"तर त्यो गप हाय, एवढंच लिहायचं. गप बसलेल्या माणसाच्या तोंडात आपली जीभ घालायची न्हाई, मॅडम."

स्टँडवर तक्रार कुठं करायची ते भिंतीवर लिहिलेलं असतं. म्हणून काकांनी फोरमच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवलं होतं: तक्रार असल्यास कंट्रोलरच्या घरी समक्ष यावे, पाथरी, बसस्टँडमागे, निळा दरवाजा. मी म्हटलं, "काका, इंटरनेटवर असा पत्ता टाकत नसतात." ते म्हणाले, "तोंड लपवणाऱ्यानं गाड्या सोडू न्हाईत."

सुरुवातीला मला हा सगळा रिकामा उद्योग वाटला. शिकलेल्या माणसानं असल्यात पडू नये असं माझं मत होतं. मग एका रविवारी वीज गेलेली, वाचायला काही नाही, म्हणून काकांच्या फोनवर खेळाची जुनी पानं वाचत बसले आणि तिसऱ्या पानावर नावाडीण भेटली. कोण बाई होती माहीत नाही. बाईच असेल हेही तेव्हा माहीत नव्हतं. पण लिहायची अशी की वल्ह्याचं पाणी अंगावर उडावं. "नदी आज चिडलीय. मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. दोघी कामाला लागलो." हे वाचून मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. पात्र घेतलं नालबंदाचं. आमच्या गावाकडं बैलांना पत्री ठोकायला एक नालबंद यायचा, कुणाच्या बापाला घाबरायचा नाही. मला तसं व्हायचं होतं.

तेव्हापासून रविवारी काका मला मॅडम म्हणेनात. "नालबंद, नळाला पाणी आलंय, भरून घ्या." काकू कपाळाला हात लावत.

खेळ असा आला की गढीतली माणसं रात्रीतून नदीपलीकडं न्यायची. होडी एकच, नावाडिणीची. तिला घाटावर बोलवायचं काम नालबंदाकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. मी लिहिलं, आणि मला ते चांगलं जमलं असं वाटलं होतं:

"अंधार पडला की घाटावर ये. वल्हं आण. नथ काढून ठेव, चमकते. घरात कुणाला सांगू नको. मी घोडं घेऊन वाट बघतो."

तिनं उत्तर लिहिलं, "येते. सगळी झोपली की दाराला बाहेरून कडी घालून निघते."

पुढच्या फेरीत होडी भर पाण्यात आली. काकांनी लिहिलं, भार जास्त झालाय, पाणी काठावरून आत यायलंय, पलीकडच्या तीरावर मशाली दिसायल्यात. नावाडीण, काय करता?

त्यावर तिची पोस्ट आली नाही.

शनिवारपर्यंत बाकीचे खेळाडू वैतागले, कारण होडी हलल्याशिवाय त्यांना काही लिहिता येईना. एकानं लिहिलं, कंट्रोलर, तुम्हीच दोन ओळी लिहून टाका तिच्या नावानं. काकांनी एका बोटानं उत्तर दिलं, "वल्हं त्यांच्या हातात आहे." मला म्हणाले, "ही बाई कधी चुकत न्हाई. सगळ्यात आधी हिची पोस्ट येती. काई तरी झालंय."

"काका, फोन बिघडला असेल," मी म्हटलं.

"असंल," ते म्हणाले. पण दिवसभर ते पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरपाशी जाऊन उभे राहत होते, न आलेल्या गाडीकडं बघतात तसे.

रविवारी दुपारी काका खाकी कोटाला ब्रश मारत होते, मी काकूंबरोबर शेंगा फोडत होते. दारात जीप थांबली. दोन माणसं उतरली. एक तिशीचा, हातात फोन, चालण्यातच भांडण. दुसरा त्याच्याहून मोठा, गप. मागच्या सीटवर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसून राहिली.

"कंट्रोलर कोण?" धाकट्यानं विचारलं.

"मीच. बसा. कुठून आलात?"

"बोरीहून. बसायला न्हाई आलो. नालबंद कुठंय?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

काकांनी कोट अंगात घातला. सावकाश. सगळी बटणं लावली. मग म्हणाले, "नालबंदाचं काय काम हाय?"

"त्याचे पाय मोडायचेत." त्यानं फोन काकांच्या डोळ्यापुढं धरला आणि मोठ्यानं वाचायला लागला. तो वाचत होता ते मी लिहिलेलं होतं. अंधार पडला की घाटावर ये. नथ काढून ठेव. घरात कुणाला सांगू नको. त्या आवाजात ते भलतंच वाटत होतं. "आमच्या वैनीच्या फोनात घावलं हे. आन ती म्हणती, कडी घालून निघते. कडी घालून. आमाला आत कोंडून."

"त्यो खेळ हाय, पाव्हणं," काका म्हणाले. "लिहायचा खेळ. घाट न्हाई, घोडं न्हाई."

"बोरीत नदी हाय का न्हाई ते आमाला सांगू नका. त्या नालबंदाचं नाव सांगा, गाव सांगा. आमी जातो."

"प्रवाशाचं नाव आमी देत न्हाई."

धाकट्यानं त्यांची कॉलर धरली. बटण तुटून फरशीवर उडालं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. काकू ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "अवो, सांगून टाका की."

"तक्रार असंल तर लिहून घेतो," काका म्हणाले. कॉलर तशीच त्याच्या मुठीत. आवाज भोंग्यातला होता, पण आतून फाटलेला. "नाव देत न्हाई."

ते नाव, म्हणजे मी, तीन हातांवर उभं होतं. मी काय विचार केला ते खरं खरं सांगते. शाळेचा विचार केला. संस्थाचालकांच्या कानावर जाईल की मॅडम कुणाच्या सुनांना घाटावर बोलावतात. खोली जाईल. आमच्या गावात बातमी जाईल आणि आई उसाच्या फडावरच्या कोपीत बसून ऐकेल, शिकवून काय मिळालं ते. मग मी उठले. ओच्यातली टरफलं खाली सांडली.

"मॅडम, तुमी आत जा," काका म्हणाले.

रविवार होता आणि ते मला मॅडम म्हणाले. त्यावरून मला कळलं की ते घाबरलेत, आणि स्वतःसाठी नाही.

"नालबंद मी आहे," मी म्हटलं.

धाकट्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसला. "ताई, बापाला वाचवायलात व्हय?"

"ते माझे वडील नाहीत, घरमालक आहेत. नालबंद मी आहे. हा माझा फोन, हे माझं खातं." मी त्याच्यासमोर उघडून दाखवलं. माझंच वाक्य, वर नालबंद हेच नाव. त्यानं बघितलं. मुठीतली कॉलर सुटली. पण तोंड आणखी कडू झालं.

"बाईमाणूस होऊन लिहिता, 'मी घोडं घेऊन वाट बघतो'? कुणा बाप्यासाठी लिहिता? मधली कोण हाव तुमी?"

हे मला अपेक्षित नव्हतं. खरं सांगितलं की सुटेल असं वाटलं होतं. माझी पदवी, माझं शुद्ध बोलणं, सगळं त्या एका प्रश्नापुढं उभं राहीना.

काकांनी कॉलर नीट केली. मग त्या थोरल्याकडं वळले. तो अजून एक शब्द बोलला नव्हता.

"जीपमधी कोण बसलंय?"

"मंडळी," थोरला म्हणाला.

"त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय, आन त्या बाहीर बसल्यात. आमच्यात हे चालत न्हाई. ज्याचं त्यानं सांगायचं. त्यांना उतरवा."

"ती काय सांगणार?" धाकटा म्हणाला. "चार दिवस झाले, तोंडातून शब्द न्हाई."

"तुमी विचारलं का पाय मोडू म्हणालात?"

थोरला बाहेर गेला. जीपचं दार वाजलं. तो पुढं, ती मागं. उंबऱ्याच्या आत येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. पायांच्या टाचा कापसाच्या रानात फिरणाऱ्या बायांच्या असतात तशा. काकूंनी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

काकांनी तिचं नाव विचारलं नाही. बस म्हणाले नाहीत. खुर्ची कॉम्प्युटरकडून तिच्याकडं वळवून बसले, तपकिरीची डबी मांडीवर घेतली, आणि रविवारच्या आवाजात म्हणाले,

"नावाडीण, भार जास्त झालाय. पाणी आत यायलंय. समोरच्या काठावर मशाली हायेत. काय करता?"

धाकटा काहीतरी बोलायला गेला. थोरल्यानं हात आडवा केला.

बाहेर स्टँडवर कुठलीशी गाडी मागं घेत होते, कंडक्टर पत्रा बडवत होता. ती बाई तांब्याकडं बघत होती. मला वाटलं, गेलं. रडेल, किंवा नुसती उभी राहील, आणि मग ही माणसं तिला घेऊन जातील आणि फोन विहिरीत टाकतील.

"होडीत लेकरं किती हायेत?" तिनं विचारलं. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला.

"तीन."

"मग कुणालाच उतरवत न्हाई." ती थांबली. मग मान वर केली, पण काकांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "वल्हं नालबंदाच्या हातात देते. त्याला म्हणते, मशालीकडं जाऊ नको, खालच्या अंगाला डोहाकडून ने. आन मी पाण्यात उतरते. भार कमी व्हईल. पोहत जाते."

थोरल्याच्या कपाळावर आठी पडली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला. "तुला कवा पोहता येतं?"

"मला न्हाई येत," ती म्हणाली. "तिला येतं."

धाकट्यानं फोनकडं बघितलं, मग वहिनीकडं, मग परत फोनकडं. त्यानं बोटानं पानं वर सरकवायला सुरुवात केली, जुनी जुनी, वेढ्याच्या आधीची. बरंच वाचलं. मग फोन भावाच्या हातात ठेवला आणि काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसला. काकांची माफी त्यानं मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत.

"पोचंल का न्हाई, ते कवड्यावर," काका म्हणाले आणि डबी उघडली.

कवड्या टाकल्या नेहमीसारख्याच, मूठ हलवून, फरशीवर. सगळी वाकून बघायला लागली. थोरलाही. तीन उताण्या, चार पालथ्या. मी काकांच्या तोंडाकडं बघितलं. एक कवडी बोटानं उलटवली असती तर कुणाला कळलं असतं? त्यांनी फोटो काढला.

"बुडाली न्हाई. पण काठही लागला न्हाई. धारंला लागली, खाली वाहत गेली. कुठं लागली ते तिनंच सांगायचं. पुढच्या रविवारी."

बाईनं तांब्यातलं पाणी एका दमात प्यायलं आणि तांब्या काकूंना दिला. जाताना माझ्याजवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, "मला वाटलं नालबंद उंच असंल."

थोरला उंबऱ्यात थांबला. फोन त्याच्या वरच्या खिशात होता. "पुढच्या रविवारी म्हंजे, टायम काय असतो?"

"आठ," काका म्हणाले. "आठ म्हंजे आठ."

तो आठवडा मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. तिचा फोन थोरल्याकडं होता. त्यानं दिला का, देईल का, का वाटेतच काही झालं, कळायला मार्ग नव्हता. बोरीला जाऊन बघू या असं मी म्हटलं तर काका चिडले. "कोणत्या घरी जाणार? नाव विचारलं का तुमी? मीबी न्हाई. आन आपण गेलो तर त्या भांड्यावर आणखी झाकण बसंल." पहिल्या पानावरचा पत्ता काढून टाका असंही सुचवलं. तेही ऐकलं नाही. काकूंनी कोटाला बटण लावायला घेतलं, पण तसलं पितळी बटण घरात नव्हतं, आणि कपाटाखाली गेलेलं सापडत नव्हतं. शर्टाचं पांढरं लावू म्हटलं तर नको म्हणाले.

रविवारी सात वाजल्यापासून ते कॉम्प्युटरसमोर, वरचं बटण नसलेल्या कोटात. माझी पोस्ट गेलेली होती: नालबंद वल्हं मारतोय, डोहाकडून, मागं वळून बघतोय. बाकी सगळ्यांच्या आल्या. तिची नाही. शिट्टी त्यांच्या ओठांत होती.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले.

शिट्टी वाजली नाही. काकूंनी पीठ मळता मळता मान वर केली. "आठ वाजले, अवो."

"बघतोय."

"गाडी सोडायची न्हाई का?"

काकांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, परत लावला. "चाकात हवा कमी हाय," म्हणाले. "भरायलेत."

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी हात पिठात तसेच ठेवले होते. घड्याळाचा काटा बराच पुढं गेला. काका पडद्याकडं बघत होते आणि मी त्यांच्या मानेकडं, कारण पडद्याकडं बघवत नव्हतं.

मग ते पुढं वाकले.

पोस्ट लहान होती. "काठाला लागले. वल्हं नाही. पाय चिखलात आहेत, पण माझेच आहेत. अंधारात कुणीतरी घोडं धरून उभं आहे. नालबंद, तूच ना?"

मी बसले. काकांनी पोस्टवरची वेळ बघितली, ती सगळ्यांना दिसतच होती. तरी एका बोटानं त्यांनी खाली फेरीचा शेरा टाइप केला, जसा ते दर रविवारी करायचे. सगळे प्रवासी हजर. गाडी वेळेत सुटली.

काकू त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. पिठाचा हात त्यांनी पदराला पुसला.

"माझ्या टायमाला," त्या म्हणाल्या, "हवा बरूबर भरलेली व्हती."

काकांनी शिट्टी मारली.